सहा, दहा, चौदा : बाललसीकरणाच्या वेळापत्रकाची हकिकत



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की लढाया, तह आणि राजवंश यांची अपेक्षा असते. आजचा विषय त्या मानाने फार लहान आहे, अवघ्या दीड महिन्याच्या मुलाएवढा. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात जन्मलेल्या मुलाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात लस टोचावी असा नियम आहे. हे तीन आकडे आले कोठून, आणि पैनगंगेच्या या तीरावर ते पाळणे अवघड का जाते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील लसीकरणाचा आरंभ तो. त्या काळी लस टिकविण्याची सोय नव्हती. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव आठव्या दिवसाच्या सुमारास काढावयाचा व दुसऱ्याच्या दंडात घालावयाचा, अशा साखळीने ती पुढे पुणे व हैदराबादेपर्यंत पोहोचली. आपला मुलूख तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. म्हणजे टोचलेल्या मुलाला पुन्हा घेऊन येण्याची जी पहिली तारीख ठरली, ती त्याच्यासाठी नव्हतीच. पुढच्या मुलासाठी होती. आपल्या लेकराचा फोड दुसऱ्यासाठी फोडू देण्यास आया नाखूश असत, यात नवल ते काय!

विसाव्या शतकात प्रश्न पालटला. घटसर्प व धनुर्वात यांची विषे निष्प्रभ करून त्यांपासून लसी तयार झाल्या. अमेरिकेत मिशिगन राज्यात पर्ल केंड्रिक व ग्रेस एल्डरिंग या दोन संशोधक स्त्रियांनी डांग्या खोकल्याची भरवशाची लस सिद्ध केली. १९४० च्या दशकात या तिन्ही लसी एका कुपीत आल्या आणि ‘त्रिगुणी’ अवतरली. या संयोगात एक गंमत आहे. डांग्या खोकल्याचा घटक सोबत असला की घटसर्पाच्या घटकाचाही परिणाम वाढतो. तेव्हा हे एकत्रीकरण केवळ टोचण्या वाचविण्यासाठी झाले असे समजू नये. मात्र ही लस देवीच्या लसीसारखी जिवंत नव्हे. पहिल्या मात्रेने शरीराला नुसती ओळख होते, प्रतिकार उभा राहतो तो पुढील मात्रांनी. आणि दोन मात्रांत निदान चार आठवड्यांचे अंतर लागते.

आरंभ केव्हा करावा, हा खरा वादाचा मुद्दा. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात काही महिने असतात व ती लसीचा जोर कमी करतात. अंतर जितके मोठे, तितका प्रतिकार टिकाऊ. या हिशेबाने ब्रिटनमध्ये पहिली मात्रा तिसऱ्या महिन्यात देऊन तिसरी बाळ जवळजवळ वर्षाचे होईपर्यंत लांबविली जात असे. परंतु डांग्या खोकला अधिकांत अधिक बळी घेतो तो पहिल्या काही महिन्यांतच. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने विकसनशील देशांसाठी सहा, दहा, चौदा आठवडे हा क्रम पुरस्कारिला. थोडा कमी प्रतिकार पत्करावा, पण तो वेळेवर मिळावा, अशी ही तडजोड होती; आणि माझ्या मते ती शहाणपणाची होती. १९९० मध्ये ब्रिटननेही आपले वेळापत्रक अलीकडे ओढून दोन, तीन व चार महिने असे केले.

भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला. १९८५ पासून तो सार्वत्रिक स्वरूपात टप्प्याटप्प्याने सर्व जिल्ह्यांत नेण्यात आला. डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तमिळनाडू येथे पंचगुणी, म्हणजे पेंटाव्हॅलंट, लस आली व पुढील काही वर्षांत देशभर पसरली. त्रिगुणीत ‘ब’ प्रकारची कावीळ आणि हिब जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांवरील घटक मिळविले की ती होते. तीन सुयांचे काम एका सुईवर आले. खेपा मात्र तीनच राहिल्या.

आपल्याकडे गाडे अडते ते या खेपांपाशी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. सोयरिकी मात्र कोठे गेल्या नाहीत. पहिले बाळंतपण माहेरी. मूल किनवटकडे जन्मते, पहिली सुई तेथे, कार्ड मराठीत. मग आई सासरी येते, तेथील नोंद तेलुगूत. त्यात कापसाची वेचणी लागली की दहावा आठवडा निघून जातो. मग कोणी म्हणते, तारीख चुकली, आता उपयोग नाही. कोणी म्हणते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. दोन्ही समज चुकीचे आहेत. अंतर चार आठवड्यांहून कमी चालत नाही. अधिक झाल्यास जेथे थांबले तेथून पुढे जावयाचे, दिलेली मात्रा वाया जात नाही. मधल्या काळात बाळ अपुऱ्या संरक्षणाने राहते, हा धोका खराच. पंचगुणीचा आरंभ वर्षाच्या आत व्हावा लागतो. पण एक मात्रा जरी त्या मुदतीत झाली असेल, तरी उरलेल्या नंतर पुऱ्या करता येतात. म्हणून सीमेपलीकडचे ते मराठी कार्ड जपून आणणे महत्त्वाचे.

त्रिगुणीची पहिली वर्धक मात्रा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान आणि दुसरी पाच ते सहा वर्षांच्या वयात. हे दुसरे वय म्हणजे शाळेत नाव घालण्याचे. या शाळेचे जे माजी विद्यार्थी आज स्वतः शिक्षक आहेत, त्यांनी प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखल्याबरोबर हे कार्डही मागावे, ते कोणत्याही लिपीत असो, आणि रिकामा रकाना दिसल्यास पालकांना जवळच्या आरोग्य उपकेंद्राचा वार सांगावा, एवढी माझी विनंती आहे.