पुस्तक मुलापर्यंत कसे पोहोचले?



पैगंबर साहेबांवर जो पहिला दिव्य संदेश उतरला, त्याचा पहिला शब्दच ‘वाच’ असा आहे. तेव्हा वाचनाचे महत्त्व आपणांस वेगळे सांगावयास नको. तरीही आपल्या घरातील मुलामुलींच्या हाती पाठ्यपुस्तकाखेरीज वर्षाकाठी किती पुस्तके पडतात, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा. ग्रंथालय मुलाच्या दिशेने पावलापावलाने कसे सरकत आले आणि शेवटचे पाऊल कोणी टाकावयाचे राहिले आहे, हे समजून घेण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

आपला धाराशिव, म्हणजे पूर्वीचा उस्मानाबाद जिल्हा, १९४८ पर्यंत निजामांच्या हैदराबाद संस्थानात होता. राजधानी हैदराबादेत १८९१ साली सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने राज्याचे ग्रंथालय स्थापन झाले. तेच पुढे ‘कुतुबखाना आसफिया’ म्हणून नावारूपास आले. अरबी, फारसी व उर्दू ग्रंथांचा आणि हस्तलिखितांचा तेथे मोठा संग्रह झाला. १९१७ मध्ये भाषांतर विभाग सुरू होऊन विज्ञान, गणित, इतिहास असे विषय उर्दूत आणण्याचे कार्य झाले आणि १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. ही ज्ञानसंपदा थोर होती, यात शंका नाही. परंतु भूम किंवा परंड्याच्या शाळकरी पोराला तिचा लाभ कसा व्हावा? राजधानी दूर, आणि ग्रंथ मोठ्यांसाठी. शिवाय राज्यकारभाराची व उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असल्याने मराठी घरातील मुलास आपल्या भाषेतील पुस्तक मिळणे कठीण होते. म्हणूनच मराठवाड्यातील लोकांनी स्वतःची वाचनालये काढली. परभणीचे गणेश वाचनालय आणि तेव्हाच्या औरंगाबादचे बळवंत वाचनालय ही त्यांतील ठळक नावे होत.

याच काळात बडोदे संस्थानात निराळाच प्रयोग चालला होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण शाळा सोडलेले मूल पुन्हा निरक्षर होऊ नये, तर त्याच्या हाती पुस्तक राहिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी पाचारण केले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा कक्ष झाला, आणि खेड्यापाड्यांसाठी पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. वाचक ग्रंथालयाकडे येऊ शकत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हा त्यातील बोध.

मुंबई इलाख्यात हा विचार योजनेच्या रूपात मांडण्याचा मान आपल्याच समाजातील एका विद्वानाकडे जातो. इस्लामी कायद्याचे अभ्यासक आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४० साली मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका आणि खेड्यापर्यंत उतरत जाणारी ग्रंथालयांची साखळी सुचविली. आपला जिल्हा तेव्हा त्या इलाख्यात नव्हता. हैदराबाद राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९५५ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. त्यानंतर १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम होऊन सर्व राज्यास एक व्यवस्था लाभली.

या अधिनियमाचे मर्म पालकांनी लक्षात घ्यावे. आपल्या राज्यातील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये सरकार चालवीत नाही. नोंदणी झालेल्या संस्था ती चालवितात आणि शासन त्यांना मान्यता, वर्ग व अनुदान देते. म्हणजे कायदा मदत करतो, पण दार उघडणारा माणूस गावानेच द्यावयाचा असतो. जेथे असे लोक पुढे आले तेथे ग्रंथालय वाढले. जेथे आले नाहीत तेथे कपाटाचे कुलूप गंजले.

मुलांचे ग्रंथालय म्हणजे केवळ पुस्तके देण्याघेण्याची खिडकी नव्हे. आठवड्यातून एक तास गोष्ट वाचून दाखविणे, शब्दकोश पाहावयास शिकविणे, वाचलेल्या पुस्तकावर चार ओळी लिहून घेणे, मुलांकडून हस्तलिखित अंक तयार करविणे, ही कामे एक हौशी शिक्षक आणि एक सतरंजी एवढ्यावर होऊ शकतात. साहित्याचीही वाण नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके मराठीत आहेत, तशीच उर्दूतही आहेत. एके काळी मराठी मुलाची जी अडचण होती, ती आज उर्दू घरातील मुलाची होऊ नये. घरची भाषा आणि राज्याची भाषा एकाच फळीवर शेजारी शेजारी असाव्यात.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. रामेश्वरमच्या या गरीब घरातील मुलाला एस. टी. आर. माणिकम नावाच्या गृहस्थांनी आपल्या खाजगी संग्रहातील पुस्तके वाचावयास दिली. एका माणसाने आपले कपाट एका मुलासाठी उघडे ठेवले, एवढीच ती गोष्ट. तिचे फळ देशाने पाहिले.

म्हणून, पालकहो, या सुट्टीत मुलाचा हात धरून जवळच्या ग्रंथालयात जा आणि त्याच्या नावाने वर्गणी भरा. मुलीला विसरू नका. संध्याकाळी तिला एकटीने जाणे जमत नसेल, तर आईने सोबत जावे किंवा भावाने तिच्यासाठी पुस्तक आणावे. शाळा मध्येच सुटलेल्या मुलीला तर ग्रंथालय हीच उरलेली शाळा असते. आणि विद्यार्थी मित्रांनो, घेतलेले पुस्तक वेळेवर परत करा. त्याची वाट पाहणारे दुसरे मूल गावात असतेच.

हैदराबादेपासून जिल्ह्यापर्यंत आणि जिल्ह्यापासून गावापर्यंतचे अंतर पूर्वजांनी व शासनाने कापले. ग्रंथालयाच्या उंबऱ्यापासून आपल्या घरापर्यंतचे अंतर आपण कापावयाचे आहे. अल्लाह आपणांस त्याची सद्‌बुद्धी व सामर्थ्य देवो. आमीन!