श्वासमार्ग-स्वच्छता उपचार व त्यांचा खर्च

श्वासनाल व तिच्या शाखा यांत साठलेला कफ बाहेर काढण्याच्या विविध पद्धतींना ‘श्वासमार्ग-स्वच्छता उपचार’ म्हणतात. निरोगी माणसात हे कार्य आपोआप होते. बालपक्षाघात (पोलिओ), स्नायु-अपपुष्टी यांसारख्या तंत्रिका-स्नायू विकारांत फुप्फुसे मूलतः निरोगी असतात. परंतु छाती, उदर व घसा यांतील स्नायू दुर्बल झाल्यामुळे खोल श्वास घेणे व जोराने खोकणे अशक्य होते. खोकल्यातील हवेचा महत्तम प्रवाह मिनिटास सु. १६० लि. पेक्षा कमी झाला, तर कफ नीट सुटत नाही आणि साध्या सर्दीतूनही प्राणघातक फुप्फुसशोथ उद्‌भवू शकतो.

लोहफुप्फुस : फिलिप ड्रिंकर व लूइस शॉ यांनी हार्व्हर्ड विद्यापीठात तयार केलेले लोहफुप्फुस १९२८ मध्ये बॉस्टन येथे बालपक्षाघात झालेल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी प्रथम वापरण्यात आले. तिचा श्वास पूर्ववत चालू झाला. तथापि काही दिवसांनी ती फुप्फुसशोथाने दगावली. हवा आत-बाहेर करणे व कफ काढणे ही दोन स्वतंत्र कार्ये आहेत, हे यावरून दिसून येते. १९३० नंतरच्या दशकात या यंत्राची किंमत सु. १,५०० डॉलर, म्हणजे अमेरिकेतील एका घराच्या किंमतीएवढी होती. जॉन हेवन एमर्सन यांनी १९३१ मध्ये अधिक साधे व स्वस्त यंत्र बनविले. त्यावरून झालेल्या एकस्वाच्या दाव्यात एमर्सन यांचा विजय झाला. ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथ यांनी प्लायवुडची स्वस्त पेटी तयार केली. १९३८ पासून लॉर्ड नफील्ड यांनी आपल्या मोटारींच्या कारखान्यात तशा पेट्या बनवून ब्रिटिश साम्राज्यातील रुग्णालयांना विनामूल्य दिल्या. त्याच वर्षी अमेरिकेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाने लोकवर्गणीतून रुग्णांच्या उपचारांचा भार उचलला.

कोपनहेगन येथील साथ : १९५२ मधील साथीत ब्लेग्डाम रुग्णालयात टाकीच्या प्रकारचे एकच यंत्र होते. श्वसनस्नायूंचा पक्षाघात झालेले सु. ८७ टक्के रुग्ण आरंभी दगावत होते. भूलतज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनालेस छेद देऊन नळी बसविणे, तीतून कफ शोषून घेणे व रबरी पिशवीने हवा देणे ही पद्धती सुरू केली. सु. १,५०० विद्यार्थ्यांनी आळीपाळीने, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या आणि मृत्युप्रमाण सु. २५ टक्क्यांवर आले. यंत्रांची उणीव येथे मनुष्यबळाने भरून काढली.

खोकला-यंत्र : प्रथम धन दाबाने फुप्फुसे फुगवून लगेच ऋण दाबाने हवा खेचणारे यंत्र अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आले. पुढे लशीमुळे बालपक्षाघाताचे रुग्ण घटले, श्वासनालछेद सरसकट होऊ लागला व १९६० नंतरच्या दशकात हे यंत्र मागे पडले. छेद दिलेल्या रुग्णाचा कफ वारंवार शोषून घ्यावा लागतो. त्यासाठी प्रशिक्षित परिचारकाची आवश्यकता असते व रुग्ण घरी नेणे कठीण होते. छेद न देता घरीच उपचार करण्याच्या प्रयत्नांतून १९९३ मध्ये एमर्सन यांच्याच कंपनीने असे यंत्र पुन्हा बाजारात आणले. सामान्यतः त्यात पाण्याच्या ४० सेंमी. उंचीइतका धन व ऋण दाब वापरतात.

अल्पखर्ची पद्धती : क्लॅरेन्स डेल यांनी १९५१ मध्ये वर्णिलेल्या ‘मंडूक-श्वसना’त रुग्ण जीभ व घशाच्या साहाय्याने हवेचे घोट फुप्फुसांत ढकलतो. १९५६ मध्ये डेन्मार्कमध्ये प्रचारात आलेल्या, आपोआप फुगणाऱ्या पिशवीनेही फुप्फुसांत हवा साठविता येते. मग दुसऱ्याने पोटावर योग्य क्षणी दाब दिल्यास खोकल्याला जोर येतो. या पद्धतींना वीज लागत नाही. पिशवी व दाब यांसाठी मात्र शिकविलेले हात जवळ असावे लागतात.

खर्चाचा हिशेब : यंत्राची किंमत प्रारंभी एकदम द्यावी लागते, तर फुप्फुसशोथासाठी रुग्णालयात वारंवार दाखल होण्याचा खर्च वर्षानुवर्षे विखुरलेला असतो, म्हणून पहिला डोळ्यांत भरतो. छातीस कंपने देणारे जाकीट वापरू लागल्यानंतर तंत्रिका-स्नायू विकारांच्या रुग्णांचा एकूण वैद्यकीय खर्च घटल्याचे अमेरिकेतील विमा-दाव्यांच्या २०१६ मधील अभ्यासात आढळले. तथापि विमा-दाव्यांत कुटुंबीयांचे जागरण, बुडालेली मजुरी व सुटलेली नोकरी यांची नोंद नसते. कोपनहेगनमध्ये विद्यार्थ्यांनी काही महिने वाहिलेला भार आज बहुधा रुग्णाचे आईवडील वा जोडीदार आयुष्यभर वाहतात. तो जमेस धरल्यावाचून स्वस्त व महाग पद्धतींची तुलना अपुरी राहते.