तळटीप : तोफेचा कोन आणि गोळ्याचा पल्ला

गोलंदाजाने तोफेचे तोंड आणखी उचलताच गोळे मोर्च्याच्या अलीकडेच पडू लागले, हे ग्रंथकाराचे विधान प्रथमदर्शनी विपरीत भासले, तरी ते सृष्टिनियमाला सर्वस्वी धरून आहे. हवेचा विरोध क्षणभर दृष्टीआड केला, तर सुटलेल्या गोळ्याची आडवी गती अखेरपर्यंत कायम राहते, उभी गती गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदास सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद या प्रमाणात पालटत जाते, आणि या परस्परनिरपेक्ष गतींच्या संयोगातून जो वक्र मार्ग सिद्ध होतो, तो अन्वस्त असल्याचे गॅलिलिओने १६३८ साली लायडेन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सप्रमाण दाखविले. सपाट भूमीवर ४५ अंशांच्या कोनात पल्ला सर्वाधिक मिळतो, हे तार्तालियाने १५३७ सालीच नमूद केले होते. परंतु एकाच वेगाने ३० आणि ६० अंशांवर डागलेले गोळे एकाच ठिकाणी पडतात, यामागील संगती गॅलिलिओच्या गणिताने उलगडली, आणि या शास्त्रातील सर्वांत रमणीय गोष्ट मला तीच वाटते. त्यांपैकी दुसरा गोळा पहिल्याच्या तिप्पट उंची गाठून तटापलीकडे उतरतो. उखळी तोफेचे सारे सामर्थ्य या उंच मार्गात आहे. बुरुजावरून खालच्या मैदानात मारा करावयाचा, तर सर्वोत्तम कोन ४५ अंशांहून कमी भरतो. हवेचा विरोधही उपेक्षणीय नव्हे : वेगवान गोळीवर तो तिच्या वजनाच्या कित्येक पट असतो, हे बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगांनिशी मांडले, त्यामुळे प्रत्यक्ष पल्ला गणिती पल्ल्याहून पुष्कळच कमी येतो. — संपादक