ग्लॅमरस म्हणजे नक्की काय हो?

मागच्या पालिका निवडणुकीतली गोष्ट. आमच्या एका प्रभागातून संगणक क्लास चालवणारी एक ताई उभी होती. अर्ज भरायला आली ती छान इस्त्रीची साडी, गॉगल, लिपस्टिक अशी. रात्री पान सोडायच्या घाईत मी मथळा ठोकला, 'रिंगणात ग्लॅमरस चेहरा'. सकाळी सातला तिचा फोन. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "दादा, तीन वर्षं गढूळ पाण्याची तक्रार घेऊन मी पालिकेचे जिने चढतेय. ती बातमी तुम्हीच छापली होती ना? आता मी नुसता चेहरा झाले का?"

माफी मागितली. पण तो शब्द काही डोक्यातून जाईना. कौतुक म्हणून लिहिलं होतं, मग लागलं का? म्हणून त्याची कुळकथा शोधत बसलो. मित्रांनो, जे सापडलं ते भन्नाट आहे.

ग्लॅमर हा शब्द ग्रॅमरचा सख्खा भाऊ. होय, तेच ग्रॅमर, ज्याच्या तासाला आपण मागच्या बाकावर सरकायचो. मूळ ग्रीक, अर्थ अक्षरांची विद्या. मध्ययुगीन युरोपात ग्रॅमर म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन म्हणजे एकूणच पोथीतलं ज्ञान. बहुतेकांना अक्षरओळख नाही. अशा गावात कुणी जाड पोथी उघडून न कळणाऱ्या भाषेत पुटपुटायला लागला, की लोकांना वाटणार काय? हा मंत्र टाकतोय! त्यामुळे ग्रॅमरला जादूटोण्याचा वास लागला. फ्रेंचमध्ये त्याच शब्दापासून 'ग्रिम्वार' झाला, म्हणजे मंत्रतंत्राची पोथी. आणि स्कॉटलंडमध्ये 'र'चा 'ल' होऊन ग्लॅमर. आपल्याकडे नाही का दारिद्र्याचं दळिद्र होत, तसंच.

18 व्या शतकाच्या सुरुवातीला ॲलन रॅमझी या स्कॉटिश कवीने आपल्या कवितांसोबत शब्दार्थ दिले, त्यात ग्लॅमरचा अर्थ आहे: सैतान, मांत्रिक किंवा हातचलाखीवाले बघ्यांच्या डोळ्यांवर टाकतात ती भूल. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, नजरबंदी. आठवडी बाजारात गारुडी करायचा ती.

तिथल्या एका जुन्या लोकगीताची गोष्ट सांगतो. भटक्या जिप्सींची टोळी सरदाराच्या दारात येऊन गाते, त्याच्या बायकोवर ग्लॅमर टाकते आणि ती घरदार सोडून त्यांच्यासोबत निघून जाते. नीट बघा, इथे बाईवर नजरबंदी झालीय. बाईने केलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा प्रांतिक शब्द इंग्रजीभर पसरवला वॉल्टर स्कॉटने. 1805 च्या 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रेल' या त्याच्या दीर्घकाव्यात एक जादूची पोथी आहे. तिच्यातल्या ग्लॅमरच्या मंत्राने कोठडीतली कोळिष्टकंसुद्धा महालातल्या भरजरी पडद्यांसारखी दिसतात. कोळिष्टकं जागेवरच, बदलते ती बघणाऱ्याची नजर. ग्लॅमरस हे विशेषण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात आलं.

मग 1930 चं दशक. अमेरिकेत मंदी, लोकांच्या खिशात पैसा नाही, पण सिनेमाच्या अंधारात दोन तास सगळं झळाळतंय. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी हा शब्द उचलला. जॉर्ज हरेल नावाचा फोटोग्राफर नट्यांचे फोटो काढायचा, प्रकाश असा टाकायचा की माणूस संगमरवरी वाटावा. जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर चांगले भरपूर वांग होते. फोटोत एकही दिसत नाही, निगेटिव्हवरच हाताने पुसून टाकायचे. कोळिष्टकांचे पडदे झालेच की! 1939 मध्ये तर 'ग्लॅमर ऑफ हॉलिवूड' नावाचं मासिकच निघालं.

पण या सगळ्यात पारडं फिरलं. लोकगीतात बाईवर भूल पडत होती, आता भूल पाडणारी तीच ठरली. दिवे कुणी लावले, वांग कुणी पुसले, ते राहिलं बाजूला.

आजच्या बोलीतल्या इंग्रजीत हा शब्द कसा वापरतात तेही बघण्यासारखं आहे. ब्यूटिफुल कुणीही असू शकतं, झोपलेलं तान्हं बाळसुद्धा. ग्लॅमरस मात्र नटावं लागतं, थोडं लांबही उभं राहावं लागतं. जवळ गेलं की उतरतं. ब्रिटनमध्ये फळा धरून उभ्या सहकाऱ्याला गमतीने 'माझी ग्लॅमरस असिस्टंट' म्हणतात, हा जादूगाराच्या स्टेजवरचा प्रयोग, म्हणजे शब्द फिरून मूळ घरी आला. तिथेच 'ग्लॅमर मॉडेल' म्हणजे मात्र अर्धनग्न फोटोंसाठी उभी राहणारी. आणि तिथल्या बटलिन्सच्या सुट्टीच्या कॅम्पांत ग्लॅमरस आज्यांच्या स्पर्धा व्हायच्या! एकच शब्द, आजीलाही आणि तिलाही.

सगळ्यात जास्त गंमत नकाराची. नर्स, प्लंबर, शिक्षक आपल्या कामाबद्दल सांगताना म्हणतात, 'नॉट व्हेरी ग्लॅमरस'. रात्री दोनला भांडी घासणारी बाई सुस्कारा टाकून म्हणते, काय ग्लॅमरस आयुष्य माझं! म्हणजे खरं राबणं जिथे असतं, तिथे हा शब्द नाही म्हणण्यासाठीच येतो. (पत्रकारितेच्या डिप्लोमाला आमचा अर्धा वर्ग ग्लॅमर बघून आला होता. त्यातले बरेच आज इन्शुरन्स विकतात. असो.)

स्पेलिंगचंही ऐका. अमेरिकेने 'कलर'मधला यू काढला, पण ग्लॅमरमधला बहुतेकांनी ठेवला. ग्लॅमरस लिहिताना मात्र तो ब्रिटनमध्येही गळतो. ग्रॅमरच्या भावाला स्वतःचंच ग्रॅमर धड नाही.

तर तिला काय लागलं ते मला आता कळतं. तीन वर्षं जिने चढणाऱ्या बाईबद्दल मी छापलं होतं की ही नजरबंदी आहे. ती निवडणुकीत थोडक्यात पडली. तुमच्या मथळ्यामुळे पडले असं ती कधी म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

परवा आमच्याकडच्या नव्या पोराने एका इच्छुक उमेदवाराची बातमी आणून दिली. पहिल्याच ओळीत 'ग्लॅमरस'. मी शब्द खोडला आणि विचारलं, "बाई काम काय करते?"

"ते विचारलं नाही, सर."

"मग लाव फोन."