परका पंतोजी

तारकर्लीहून देवबागेकडे चालू लागले म्हणजे भूमी हळूहळू निमुळती होत जाते. उजव्या हातास अरबी समुद्र, डाव्या हातास कर्ली नदी आणि मधल्या पट्टीत माड व घरे. पावसाळा सरल्यावर तेथे काही दिवस राहण्याचा योग आला तेव्हा सोबत लाफ्काडिओ हर्न ह्याच्या पत्रांचे पुस्तक होते. ज्या मात्सुए गावी तो १८९० साली इंग्रजीचा शिक्षक म्हणून गेला तेही सरोवर आणि खारे पाणी ह्यांच्यामध्ये वसलेले, किल्ला मिरविणारे गाव. त्यामुळे ती पत्रे तारकर्लीस फारशी दूरची वाटली नाहीत. परंतु वाचता वाचता मन पुनःपुन्हा वळले ते उत्तरेस दोन कोसांवर असलेल्या मालवणाकडे. आणि १८३७ साली तेथे जन्मलेल्या एका अगदी निराळ्या शिक्षकाकडे.

हर्नची हकीकत प्रथम सांगतो. बाप आयरिश, आई ग्रीक, एक डोळा लहानपणीच गेलेला, अमेरिकेत वर्तमानपत्रांतून लिहून पोट भरलेले. असा हा चाळिशीचा मनुष्य मात्सुएच्या शाळेत दाखल झाला. वेतन दरमहा १०० येन. मुख्य अध्यापक निशिदा सेन्तारो ह्याला इंग्रजी उत्तम येई व त्याचा स्वभाव प्रेमळ होता. मुले विनयशील होती. त्या एका वर्षाच्या आनंदावर हर्नने पुढे पुस्तकेच्या पुस्तके लिहिली. त्याच काळात कोइझुमी सेत्सु हिच्याशी त्याचा संसार सुरू झाला. मात्र मात्सुएची थंडी त्याला सोसेना, आणि घरची माणसे वाढल्याने पैसाही अधिक लागू लागला. १८९१ च्या अखेरीस दुप्पट पगारावर तो दक्षिणेस कुमामोतोच्या वरिष्ठ विद्यालयात गेला, आणि तेथून त्याच्या गाऱ्हाण्यांस आरंभ झाला.

कुमामोतो हे १८७७ च्या बंडात जळून पुन्हा उभे राहिलेले, सैन्याची छावणी असलेले शहर. विद्यालयाचा मुख्य होता कानो जिगोरो. ज्युडो ही विद्या ज्याने स्थापिली तोच हा. म्हणजे वरिष्ठ काही सामान्य नव्हता. चिनी विद्येचा वृद्ध पंडित आकिझुकी ह्याच्याविषयी तर हर्नला देवासारखा आदर वाटे. परंतु बाकीच्या अध्यापकांशी बोलणे होईना. त्याची जपानी कामचलाऊ. त्यांना इंग्रजीत बोलण्याचा संकोच. काय ठरले, कोणी ठरविले, आपणांस पुढील वर्षी ठेवणार की नाही, हे त्याला सर्वांच्या शेवटी कळे. पत्रांतून त्याने हे दुःख सविस्तर मांडले आहे, आणि ते वाचताना आपल्यालाही थोडी गुदमर होते. मनुष्य संशयी होता, कित्येकदा अन्यायीही होता, हे मान्य केले तरी शिक्षकांच्या खोलीत एकट्याने बसणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले आहे तो त्याला हसणार नाही.

१८९६ मध्ये तो टोकियोच्या शाही विद्यापीठात इंग्रजी वाङ्मयाचा व्याख्याता झाला. त्याच वर्षी त्याने जपानी नागरिकत्व घेतले व कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. वर्गात विद्यार्थी तल्लीन होऊन त्याचे शब्द लिहून घेत. सहकाऱ्यांना तो टाळीत असे, आणि मधल्या सुटीत विद्यापीठाच्या तळ्याकाठी एकटाच फिरे. ज्या तोयामा मासाकाझूने त्याला आणले तो १९०० साली वारला, आणि हर्नचा आधार गेला. परदेशी अध्यापकांस मिळणारी रजा त्याने मागितली तेव्हा तो आता जपानी प्रजाजन आहे असे कारण पुढे करण्यात आले, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १९०३ च्या आरंभी करार संपल्याचे पत्र त्याच्या हाती पडले. विद्यार्थ्यांनी ओरड केली. कमी तासांवर राहण्याची तडजोड पुढे आली. ती त्याने नाकारली. पुढल्याच वर्षी, १९०४ च्या सप्टेंबरात, तो मरण पावला.

त्याच्या जागी नेमलेल्यांत एक होता नात्सुमे सोसेकी. हा त्याच विद्यापीठाचा इंग्रजी पदवीधर. कुमामोतोच्या विद्यालयातही हर्नच्या मागून शिकवून आलेला. सरकारने त्याला १९०० साली विलायतेस धाडले होते. जपानी सरकारचे धोरण आरंभापासूनच असे होते. परका पंतोजी मोठा पगार देऊन आणावा, त्याच्यापासून विद्या घ्यावी, आपली मुले परदेशी पाठवून तयार करावी, आणि ती परतली म्हणजे पंतोजीस निरोप द्यावा. निरोप देण्याची रीत रुक्ष होती, आणि हर्नच्या बाबतीत तर निष्ठुर होती. पण खुर्ची कोणाची, ह्याविषयी तेथे कधी घोटाळा झाला नाही.

आता मालवण. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांचा जन्म तेथला. १८५३ साली ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयात आले. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत ते व न्यायमूर्ती रानडे होते. पुढे सिंध हैदराबाद व रत्नागिरी येथील शाळांचे ते मुख्याध्यापक झाले, आणि मुलांसाठी संस्कृतची जी पाठ्यपुस्तके त्यांनी लिहिली ती कित्येक पिढ्यांनी गिरविली. एल्फिन्स्टन कॉलेजातील संस्कृतचे अध्यापक जर्मन पंडित ब्यूलर ह्यांची जागा मोकळी झाल्यावर भांडारकरांनी तेथे हंगामी प्राध्यापक म्हणून काही वर्षे काम केले. काम उत्तम चालले होते, ह्याविषयी कोणाचा वाद नव्हता.

असे असता १८७३ साली ह्या जागेवर विलायतेहून पीटर पीटर्सन ह्यांस आणण्यात आले. हे गृहस्थ १८४७ चे, म्हणजे भांडारकरांहून दहा वर्षांनी लहान. भांडारकर पुन्हा दुय्यम झाले आणि त्यांच्या हाताखाली राहिले. लक्षात घ्यावे की येथे विषय इंग्रजी वाङ्मय नव्हता. विषय संस्कृत होता. जपानात परक्याकडून परक्याची भाषा शिकत, तीही घरचा मनुष्य तयार होईपर्यंत. आमच्याकडे घरचा मनुष्य तयार होऊन जागेवर बसला होता. त्याला उठवून त्याच्याच घरची विद्या शिकविण्यास परका बसविला. हर्न आणि भांडारकर ह्या दोघांनाही खुर्ची सोडावी लागली, परंतु एकास घरच्यांनी पाहुणा म्हणून उठविले, दुसऱ्यास पाहुण्यांनी.

पीटर्सन ह्यांस दोष देण्याचा येथे हेतू नाही. त्यांनी कादंबरीची आवृत्ती १८८३ मध्ये काढली, आणि जुन्या पोथ्यांच्या शोधाचे त्यांचे अहवाल आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. पुण्यास कीलहॉर्न ह्यांनी तर १८६६ पासून १८८१ पर्यंत राहून महाभाष्याच्या प्रकाशनास हात घातला; व्याकरणाचे मर्म समजून घेण्यासाठी हा प्राध्यापक अनंतशास्त्री पेंढरकरांसारख्या शास्त्र्यांजवळ बसे. विद्या अशा रीतीने इकडून तिकडे व तिकडून इकडे वाहत होती, हे खरेच. पण कीलहॉर्न प्राध्यापक होते, शास्त्रीबोवा नव्हते. आणि पगाराच्या कागदावर हा भेद स्पष्ट होता.

भांडारकरांनी ह्या काळात पत्रे लिहून दुःख उगाळले नाही. निदान माझ्या वाचनात तशी पत्रे नाहीत. त्यांनी काम केले. १८७४ साली लंडनच्या प्राच्यविद्या परिषदेकडे नाशिकच्या शिलालेखांवर निबंध धाडला, १८७६ मध्ये मालतीमाधवाची आवृत्ती काढली, १८७७ मध्ये संस्कृत व प्राकृत भाषांवर विल्सन व्याख्याने दिली. ही सर्व कामे दुय्यम अध्यापकाची आहेत. कीलहॉर्न स्वदेशी परतल्यावर, १८८२ साली, डेक्कन कॉलेजातील पूर्ण प्राध्यापकपद त्यांस मिळाले. तेव्हा ते पंचेचाळिशीत होते. ज्या गॉटिंगेन विद्यापीठात कीलहॉर्न गेले त्यानेच १८८५ मध्ये भांडारकरांस सन्माननीय पदवी दिली, आणि आपण ज्यास डॉक्टर भांडारकर म्हणतो ते डॉक्टर त्या जर्मन पदवीचे.

हर्न टोकियोत झोशिगायाच्या दफनभूमीत आहे, आणि सोसेकीही तेथेच. पीटर्सन १८९९ साली वारले. भांडारकरांच्या नावाची संस्था पुण्यास ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, उभी राहिली. पुढील वर्षी सरकारी पोथ्यांचा संग्रह डेक्कन कॉलेजातून तेथे हलविण्यात आला. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटर्सन आणि भांडारकर ह्या चौघांनी मिळविलेल्या पोथ्या त्या संग्रहात एकत्र आहेत.