इंजिनात कोंबलेली हवा : भंगारातल्या ब्लोअरपासून विजेच्या कॉम्प्रेसरपर्यंत

मोटारीच्या इंजिनाची ताकद त्याच्या आकारावर अवलंबून असते, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी प्रत्यक्षात दर फेऱ्याला सिलिंडरमध्ये किती हवा शिरते यावरच ती ठरते. कारण इंधन हवे तेवढे आत सोडता येते, पण एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते आणि ती बाहेरच्या वातावरणातूनच यावी लागते. साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकताना जी पोकळी निर्माण होते तिच्यात ही हवा भरते, म्हणजे तिला आत लोटणारा जोर केवळ वातावरणाच्या दाबाचा असतो. हा जोर यंत्राने वाढवून हवा दाबून भरली, तर त्याच इंजिनात जास्त इंधन जाळता येते आणि त्याची अश्वशक्ती वाढते. हे काम करणारे यंत्र इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने किंवा दातेरी चाकांनी फिरत असेल तर त्याला सुपरचार्जर म्हणतात, आणि इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंच्या झोतावर फिरत असेल तर टर्बोचार्जर. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : हवा दाबायला शक्ती खर्ची पडते आणि ती कोठून तरी आणावी लागते. या यंत्रांच्या, आणि विशेषतः घरच्या घरी बनवलेल्या यंत्रांच्या, इतिहासातील यशापयशाचे गमक या एका हिशेबात आहे.

या इतिहासाची सुरुवात मोटारीच्या जन्माच्याही आधी होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी 1860 साली हवा लोटणाऱ्या एका यंत्राचे, म्हणजे ब्लोअरचे, पेटंट घेतले. एका पेटीत, मध्ये आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना फुगीर असलेल्या आकाराचे दोन रोटर एकमेकांना न घासता उलट दिशांनी फिरत, आणि पेटीच्या कडेने हवेचा एकेक कप्पा पुढे ढकलत. लोहाराचा भाता जे काम थांबून थांबून करतो तेच काम हे यंत्र अखंड करत असल्याने ओतशाळांच्या भट्ट्यांना झोत देण्यासाठी आणि खाणींत हवा खेळवण्यासाठी ते वापरात आले. पुढे गॉटलीब डाइमलर यांनी 1885 साली इंजिनात दाबलेली हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी 1905 साली निष्कासित वायूंवर चालणाऱ्या यंत्राची, म्हणजे टर्बोचार्जरची, कल्पना नोंदवली. आणि पेनसिल्व्हेनियातील ली चॅडविक यांची सुपरचार्जर बसवलेली मोटार 1908 साली विल्क्स-बॅरी येथील चढणीच्या शर्यतीत उतरली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 साली, अमेरिकन अभियंता सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन कोलोराडोतील पाइक्स पीक या सुमारे 4,300 मीटर उंचीच्या शिखरावर नेले आणि विरळ हवेत गेलेली त्याची ताकद टर्बोचार्जरने भरून काढता येते, हे दाखवून दिले.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सुपरचार्जर हे श्रीमंतांच्या आणि शर्यतींच्या मोटारींचे लेणे राहिले. इंग्लंडमध्ये शर्यतपटू टिम बर्किन यांच्या आग्रहावरून साडेचार लिटरच्या बेंटली मोटारीला अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स यांचा ब्लोअर बसवला गेला, कंपनीचे संस्थापक खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा मात्र या प्रकाराला विरोध होता, कारण ताकद हवी असेल तर इंजिनच मोठे करावे, असे त्यांचे मत होते. अशी यंत्रे सामान्य माणसाच्या आवाक्यात सहसा नव्हती. ती आवाक्यात आली ती दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण मिस्त्र्यांच्या हातून.

फोर्ड कंपनीने 1932 साली आठ सिलिंडरांचे, 65 अश्वशक्तीचे व्ही-8 इंजिन स्वस्त मोटारीत आणल्यावर या तरुणांना हाताळायला एक दणकट आणि सहज मिळणारे इंजिन लाभले. लॉस एंजेलिसच्या पलीकडच्या वाळवंटात म्युरॉक, एल मिराज यांसारखी कोरडी सरोवरे आहेत. त्यांच्या टणक, सपाट तळांवर हलक्या केलेल्या जुन्या मोटारी पळवून त्यांचा वेग मोजण्याचा छंद फोफावला आणि 1937 साली त्यासाठी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटनाही स्थापन झाली. अशा फेरफार केलेल्या मोटारींना हॉट रॉड हे नाव पडले. महायुद्धानंतर सैन्यात यंत्रकाम शिकून आलेली माणसे, लष्कराने विकायला काढलेला माल आणि गाड्यांचे भंगार या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच प्रदेशात उपलब्ध झाल्या, आणि घरगुती सुपरचार्जरचा खरा इतिहास येथून सुरू होतो.

या मालात जनरल मोटर्सची 71 मालिकेतली टू-स्ट्रोक डिझेल इंजिने होती. ट्रक, बस, सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नौका आणि काही शर्मन रणगाडे यांत ती वापरली गेली होती. प्रत्येक सिलिंडर 71 घनइंचांचा असल्याने सहा सिलिंडरांच्या इंजिनाला 6-71 आणि तीन सिलिंडरांच्या इंजिनाला 3-71 म्हणत. या प्रकारच्या इंजिनाला स्वतः हवा ओढून घेता येत नाही. पिस्टन खाली गेल्यावर सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रे उघडतात, तेवढ्या क्षणात ताज्या हवेचा झोत आत सोडून जळलेला वायू बाहेर हुसकवावा लागतो, आणि म्हणून प्रत्येक इंजिनाला कारखान्यातूनच एक भक्कम रूट्स ब्लोअर जोडलेला असे. डिझेलच्या दृष्टीने तो ताकद वाढवणारा नव्हता, केवळ श्वास चालू ठेवणारा होता. पण तोच ब्लोअर फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनावर बसवला आणि पुरेशा वेगाने फिरवला, तर ते इंजिन एरवी ओढते त्याहून कितीतरी जास्त हवा तो आत लोटतो, ही गोष्ट ज्यांच्या ध्यानात आली त्यांत हॉट रॉड बनवणारे बार्नी नवारो यांचे नाव अग्रभागी आहे. 1950 च्या सुमारास त्यांनी फोर्ड व्ही-8 इंजिनावर 3-71 ब्लोअर बसवून मोटार पळवली, आणि ही वाट रूढ झाली.

हे काम दिसते तेवढे सोपे नव्हते. ब्लोअर इंजिनाच्या डोक्यावर बसवण्यासाठी जाड पत्रे कापून, वेल्डिंग करून मॅनिफोल्ड, म्हणजे हवा सिलिंडरांना वाटून देणारी पेटी, बनवावी लागे. ब्लोअर फिरवण्यासाठी शेजारी शेजारी लावलेले व्ही-पट्टे भार वाढला की घसरत आणि तापून जळत, आणि पुढे दातेरी पट्टे आल्यावरच ही कटकट संपली. दाबलेली हवा तापते आणि तापलेले मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटून पिस्टन फोडू शकते, म्हणून इंजिनाचे मूळचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, मुद्दाम कमी करावे लागे. सर्वांत मोठा धोका निराळाच होता. हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर ब्लोअरच्या वर बसवलेला असल्याने ब्लोअर आणि खालची पेटी पेट्रोलच्या वाफेने भरलेल्या असत, आणि झडपेतून ज्वाला मागे आली तर सारा ब्लोअर उखडून उडू शके. ड्रॅग शर्यतींच्या, म्हणजे सरळ, छोट्या पल्ल्याच्या शर्यतींच्या, मोटारींवर ब्लोअरला बांधून ठेवणारे मजबूत पट्टे आणि स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप याच कारणाने आली. हे सारे उपाय परवान्याविना, प्रयोगशाळेविना, गॅरेजात आणि वाळवंटात घडले. या कामाला नुसता उनाड छंद मानणे हा त्या कारागिरांवर अन्याय ठरेल : त्यांनी निवडलेले यंत्र मुळातच प्रचंड हवा हलवण्यासाठी घडवलेले होते आणि त्याला फिरवायला इंजिनाचा दांडा होता, म्हणजे शक्तीचा हिशेब त्यांनी चोख केला होता.

कारखान्यांचे प्रयत्न या काळात चालू होतेच. रॉबर्ट मॅककलक यांच्या कंपनीचे पंख्याच्या तत्त्वावरचे सुपरचार्जर 1954 साली कायझर मॅनहॅटन आणि 1957 साली स्टुडबेकर गोल्डन हॉक या मोटारींवर आले. 1962 साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोचार्जरची मोटार निघाली, पण तिच्या इंजिनात पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण फवारावे लागे आणि त्याची टाकी वेळच्या वेळी भरण्याचा मालकांना कंटाळा येई, त्यामुळे ती फार चालली नाही.

विजेच्या पंख्याची कल्पना या परंपरेतूनच, पण तिचा हिशेब सोडून, पुढे आली. पट्टा नको, निष्कासित वायूंचे नळ नकोत, बॅटरीला दोन तारा जोडल्या की काम भागले, असा तिचा मोह आहे. गेल्या काही दशकांत ‘इलेक्ट्रिक टर्बो’ म्हणून विकले गेलेले बहुतेक पंखे मुळात पेट्रोलच्या नौकांतले होते : नौकेच्या तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ इंजिन सुरू करण्याआधी बाहेर फेकणारे, 12 व्होल्टांवर चार-पाच अँपिअर घेणारे, म्हणजे पन्नास-साठ वॅटचे. आपल्या मूळ कामाला ते अगदी योग्य आहेत, कारण तेथे हवा हलवायची असते, दाबायची नसते. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर असताना सुमारे 6,000 लिटर हवा घेते. तिच्यावर वातावरणाच्या निम्म्याने जादा दाब आणायचा, तर चांगल्या कॉम्प्रेसरलाही आठ-नऊ किलोवॅट लागतात, आणि 12 व्होल्टांवर याचा अर्थ सातशे अँपिअरच्या आसपास प्रवाह असा होतो. साध्या मोटारीतला वीज निर्माण करणारा अल्टरनेटर 70 ते 100 अँपिअर देतो. इंग्रजी यू आकाराच्या नळीत पाणी भरून तिचे एक टोक अशा पंख्याच्या तोंडाशी जोडले, तर पाणी काही सेंटिमीटर वर चढते. निम्म्या वातावरणाचा दाब असता तर ते पाच मीटर चढले असते. इंजिन वेगात आल्यावर तर असा पंखा हवेच्या वाटेतला अडथळाच ठरतो. पालापाचोळा उडवणारे ब्लोअर जोडण्याचे प्रयोगही झाले. ते तुलनेने जोरकस असल्याने लहान इंजिनावर किंचित दाब दाखवू शकतात, पण मोठ्या इंजिनाच्या भुकेपुढे तेही अपुरे पडतात. पदरचे पैसे घालून असा पंखा बसवणाऱ्याची फसवणूक होते ती त्याच्या जिज्ञासेचा गैरफायदा घेऊन, आणि म्हणून ती अधिक खेदजनक आहे.

विजेने हवा दाबता येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. 2016 साली ऑडी एसक्यू7 या मोटारीच्या चार लिटरच्या डिझेल इंजिनावर दोन टर्बोचार्जरांच्या जोडीला विजेचा कॉम्प्रेसर आला. तो सात किलोवॅटचा असून त्याच्यासाठी 48 व्होल्टांची वेगळी विद्युतव्यवस्था आणि लिथियम-आयन बॅटरी दिलेली होती. सुमारे पाव सेकंदात तो मिनिटाला 70,000 फेऱ्यांपर्यंत पोचतो, पण काम करतो ते क्षणभरच : टर्बोचार्जर वेग घेईपर्यंत जी ढिलाई जाणवते तेवढी भरून काढायची आणि मग बाजूला व्हायचे. फॉर्म्युला वन शर्यतींत 2014 पासून टर्बोच्या दांड्यावरच विजेची मोटर बसू लागली. ती टर्बोला वेग देई आणि वायूंचा जोर जास्त झाला की उलट वीज निर्माण करून परत देई. मर्सिडीज-एएमजीने 2022 साली हीच रचना सुमारे चार सेंटिमीटर जाडीच्या मोटरसह रस्त्यावरच्या मोटारीत उतरवली. शर्यतींत मात्र ती अतिशय खर्चिक आणि गुंतागुंतीची ठरल्याने 2026 च्या नियमांतून वगळण्यात आली, आणि अमेरिकेतील सर्वांत वेगवान ड्रॅग मोटारी आजही दातेरी पट्ट्याने फिरणाऱ्या, 71 मालिकेचाच वारसा सांगणाऱ्या रूट्स ब्लोअरवर धावतात.