नव्या मास्तरांचा पहिला हंगाम

श्रोतेहो, इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. आज मीही आपणांस एका लढाईचीच हकीकत सांगणार आहें. परंतु ती लढाई चामड्याच्या एका चेंडूसाठीं झाली. तींत दोन्ही बाजूंस विद्यार्थी होते, आणि तिचा सेनापति म्हणून ज्याचें नांव घ्यावयास पाहिजे, त्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. हा गृहस्थ म्हणजे जेसी हार्पर. आणि ही हकीकत आहे अमेरिकेंतील नोटर डेम विद्यापीठाच्या १९१३ सालच्या फुटबॉल हंगामाची.

या परदेशच्या विषयाकडे मी कां वळलों, हें आधीं सांगतों. मीं जन्मभर मास्तरकी केली. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एक वर्ग वर्षाच्या मध्यावर मजकडे आला. आधींच्या शिक्षकांनीं तो इतका उत्तम तयार केला होता कीं, मला फक्त उजळणी करून घ्यावयाची होती. निकाल फार चांगला लागला. शाबासकी मला मिळाली. ज्यांनीं पेरलें ते दुसऱ्या गांवीं बदलून गेले होते. मीं ती शाबासकी निमूटपणें घेतली, याचा संकोच मला अजून वाटतो. तेव्हांपासून कोणत्याही यशाची कथा वाचतांना माझ्या मनांत एकच प्रश्न येतो: यांत पेरणारा कोण, राखणारा कोण आणि कापणारा कोण?

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. अमेरिकेंत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या मैदानांवरचा पायांनीं खेळावयाचा फुटबॉल नव्हे. तेथें चेंडू लंबगोल असतो, तो बहुतेक हातांत धरून पळावयाचा असतो, आणि प्रतिपक्षाच्या अकरा गड्यांची भिंत फोडून पुढें सरकावयाचें असतें. प्रारंभीं हा खेळ म्हणजे निव्वळ रेटारेटी होती. हातांत हात गुंफून खेळाडूंचा जमाव एकाच जागीं तुटून पडे, आणि खालीं सांपडलेल्याची हाडें मोडत. १९०५ सालीं या खेळांत सुमारें १८ तरुण प्राणांस मुकले. तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रमुखांस आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजावलें. कांहीं विद्यापीठांनीं तर हा खेळ बंदच केला.

या संकटांतून १९०६ चे नवे नियम जन्मास आले. त्यांतील सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, चेंडू हातानें पुढील गड्याकडे फेकण्यास प्रथमच परवानगी मिळाली. यासच ते फॉरवर्ड पास म्हणतात. हेतु हा कीं, खेळ मैदानभर पसरावा आणि एका जागची चेंगराचेंगरी कमी व्हावी. परंतु फेंक फसल्यास शिक्षा इतकी कडक असे कीं, बहुतेक शिक्षक या युक्तीच्या वाटेस जात नसत. जुने संघ तर तिला पळपुट्यांची युक्ति समजत.

आतां हार्परकडे येऊं. त्याचा जन्म १८८३ सालचा, इलिनॉय प्रांतांतला. शिकागो विद्यापीठांत तो एमॉस अलॉन्झो स्टॅग या नामांकित क्रीडाशिक्षकाच्या हाताखालीं शिकला. पुढें अल्मा येथें दोन वर्षें काढून १९०९ सालीं तो इंडियाना प्रांतांतील वॉबॅश कॉलेजांत आला. १९१० सालीं त्याचा वॉबॅशचा संघ असा रंगांत आला होता कीं, चार सामने झाले तरी प्रतिपक्षास त्याच्यावर एकही गुण मिळवितां आला नव्हता. त्या चौथ्याच सामन्यांत राल्फ विल्सन नांवाच्या त्याच्या विद्यार्थ्याच्या डोक्यास जबर इजा झाली आणि तो मुलगा दगावला. कॉलेजनें उरलेला सारा हंगाम रद्द केला. हातीं सोंपविलेला मुलगा घरीं परत न जाणें याहून मोठा आघात शिक्षकावर कोणता असणार? त्यानंतर हार्परच्या मनांत काय चाललें असेल तें मी सांगूं शकत नाहीं. परंतु पुढें त्याच्या संघांनीं जी खेळी लोकप्रिय केली, तींत रेटारेटीपेक्षां मोकळ्या मैदानास महत्त्व होतें, एवढें खरें.

दरम्यान नियमही बदलत होते. १९१० सालीं फेकीच्या लांबीवर २० यार्डांची मर्यादा घातली गेली होती; ती १९१२ सालीं उठली. पुढें सरकण्यासाठीं तीनऐवजीं चार प्रयत्न मिळूं लागले आणि चेंडूही किंचित् निमुळता झाला. म्हणजे हत्यार तयार झालें होतें. तें उचलणारा हात मात्र हवा होता.

नोटर डेम हें विद्यापीठ १८४२ सालीं एडवर्ड सोरिन या फ्रेंच धर्मगुरूनें इंडियानांत साउथ बेंड गांवाजवळ स्थापिलें. १९११ व १९१२ या दोन वर्षांत जॉन मार्क्स या शिक्षकाच्या हाताखालीं त्याचा संघ एकदांही हरला नव्हता. मग अशा संघास नवा शिक्षक कशासाठीं हवा होता? दुखणें खेळाचें नव्हतें, प्रतिस्पर्ध्यांचें होतें. आजूबाजूच्या मोठ्या विद्यापीठांचा जो संघ होता, त्याचे सभासद नोटर डेमशीं खेळावयास तयार नव्हते. १९०९ सालीं नोटर डेमनें मिशिगनला ११–३ असें हरविलें. पुढच्याच वर्षीं खेळाडूंच्या पात्रतेचा वाद निघून मिशिगननें सामना रद्द केला. कॅथोलिक संस्थेविषयींची अढी हेंही या बहिष्काराचें एक कारण होतें, असें पुष्कळ इतिहासकार मानतात. परिणाम असा कीं, हा बलवान् संघ दुबळ्यांशीं खेळून ढीगभर गुण मिळवी, आणि त्याची कोणी दखल घेत नसे.

१९१३ सालीं हार्पर तेथें मुख्य शिक्षक आणि क्रीडाविभागाचा प्रमुख म्हणून आला. संघाशीं त्याचा परिचय होताच. १९११ सालीं त्याच्या वॉबॅशनें याच संघास ६–३ इतक्या थोड्या फरकानें कसाबसा विजय मिळूं दिला होता. त्यानें पहिलें काम केलें तें मैदानावर नव्हे, तर टेबलाशीं बसून. त्यानें दूरदूरच्या संस्थांस पत्रें धाडलीं. जवळचे खेळत नाहींत ना, मग दूरच्यांशीं खेळूं! वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयाचा एक दिवस मोकळा होता. त्यांनीं खर्चासाठीं १,००० डॉलर देण्याचें मान्य केलें. पेन्सिल्व्हेनियांतील पेन स्टेट आणि दक्षिणेकडील टेक्सस हेही सामने ठरले. श्रोतेहो, हुशार विद्यार्थ्यास नेहमीं अधिक शिकवणीच हवी असते असें नाहीं. कित्येकदां त्याला त्याच्या तोलाची परीक्षा हवी असते. ती मिळवून देणें हेंही शिक्षकाचेंच काम होय.

त्या उन्हाळ्यांत संघाचा चेंडूफेक्या गस डोरे आणि कप्तान क्नूट रॉक्नी हे दोघे ईरी सरोवराच्या कांठीं सीडर पॉइंट येथें नोकरीस राहिले. पाण्यांत उतरणाऱ्या लोकांवर लक्ष ठेवणें हें त्यांचें काम. फावल्या वेळीं ते वाळूंत फेकण्याचा आणि धांवतां धांवतां झेलण्याचा सराव करीत. हा रॉक्नी मूळचा नॉर्वेचा. पांच वर्षांचा असतां शिकागोस आला. टपालखात्यांत नोकरी करून, पैसे साठवून, वयाच्या बाविसाव्या वर्षीं तो कॉलेजांत दाखल झाला होता. त्याचा आवडता विषय रसायनशास्त्र.

हंगाम ऑक्टोबरच्या ४ तारखेस सुरू झाला. ओहायो नॉर्दर्नवर ८७–०, साउथ डकोटावर २०–७ आणि अल्मावर ६२–० असे विजय मिळाले. हे तीनही सामने घरच्या मैदानावर झाले. मग अवघे अठरा खेळाडू आगगाडीनें पूर्वेकडे निघाले; वाटेंत खाण्यासाठीं कॉलेजच्या स्वयंपाकघरांतून शिदोरी बांधून घेतली होती असें सांगतात.

१ नोव्हेंबर १९१३. वेस्ट पॉइंटचे खेळाडू वजनानें भारी. त्यांचाही शिक्षक चार्ल्स डेली हा त्याच वर्षीं नवा आलेला. रॉक्नीनें प्रथम पाय दुखावल्याचें सोंग केलें, असें तो पुढें सांगत असे. लंगडणाऱ्या गड्याकडे कोणी लक्ष देईना. तोंच तो एकदम धांवत सुटला आणि डोरेनें फेकलेला चेंडू त्यानें अलगद झेलून पहिली मजल मारली. लष्करी संघानेंही जोर केला आणि १३–७ अशी आघाडी घेतली. मध्यंतरास आंकडे १४–१३ होते. उत्तरार्धांत मात्र चित्र पालटलें. फेंक अडविण्यासाठीं सैनिक मैदानभर पांगले कीं आयकेनलॉब हा धिप्पाड गडी मधोमध घुसे. ते मध्यभागीं गोळा झाले कीं चेंडू डोक्यांवरून जाई. डोरेनें १७ वेळां चेंडू फेकला आणि त्यांपैकीं १४ वेळां तो बिनचूक पोंचला, असा हिशेब सामान्यतः देतात. शेवटीं नोटर डेमचे ३५ आणि लष्कराचे १३ गुण झाले. त्या वर्षीं लष्करी संघाचा तेवढा एकच पराभव झाला.

आतां खरी परीक्षा पुढेंच होती. कारण मोठ्या विजयानंतर पाय घसरण्याचा संभव फार. सहाच दिवसांनीं पेन स्टेटवर १४–७, मग सेंट लुई येथें ख्रिश्चन ब्रदर्सवर २०–७, आणि पुढें पांचच दिवसांत ऑस्टिन येथें तोंवर अजिंक्य असलेल्या टेक्ससवर ३०–७. सात सामने, सात विजय. गुण २६८ विरुद्ध ४१.

येथें इतिहासकारानें थोडें सावध व्हावयास पाहिजे. चेंडू पुढें फेकण्याची युक्ति त्या दिवशीं वेस्ट पॉइंटवर जन्मली, असें पुष्कळांस वाटतें. रॉक्नीच्या कीर्तीमुळें व १९४० सालच्या त्याच्यावरील चित्रपटामुळें हा समज अधिकच पसरला. परंतु तें खरें नव्हे. १९०६ सालींच सेंट लुई विद्यापीठाच्या संघानें एडी कोकेम्स या शिक्षकाच्या हाताखालीं नियमानुसार फेंक केली होती. कार्लाइल येथील आदिवासी विद्यार्थ्यांच्या संघानेंही ती वापरली होती. मग १९१३ चें महत्त्व काय? महत्त्व हें कीं, ज्या युक्तीकडे लोक नाइलाजाचा उपाय म्हणून पाहत, ती नेहमींच्या खेळाचा कणा होऊं शकते, हें न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांच्या नजरेसमोर सिद्ध झालें. शोध एकाचा, पुरावा दुसऱ्याचा; दोघांचेंही मोल इतिहासानें वेगवेगळें मांडलें पाहिजे.

हार्परनें नोटर डेम येथें पांच हंगाम काढले. ३४ विजय, ५ पराभव आणि १ बरोबरी हा त्याचा हिशेब. रॉक्नी रसायनशास्त्र शिकवूं लागला आणि हार्परचा सहायकही झाला. पुढें हार्परनें कॅन्सस प्रांतांत पशुपालनाच्या व्यवसायास जावयाचें ठरविलें, तेव्हां आपल्या जागीं रॉक्नीस नेमावें, अशी त्यानें आग्रहाची शिफारस केली. १९१८ पासून १३ हंगामांत रॉक्नीनें १०५ विजय मिळविले आणि त्याची कीर्ति सर्वत्र झाली.

३१ मार्च १९३१ रोजीं कॅन्ससमध्येंच विमान कोसळून रॉक्नी मृत्यु पावला. आपल्या शिष्याच्या देहाजवळ पोंचला तो त्याच प्रांतांत राहणारा हार्पर. आणि त्या देहाबरोबर तो साउथ बेंडला गेला. विद्यापीठानें बोलाविलें तेव्हां, ज्या खुर्चीवरून तो आपखुषीनें उठला होता, त्याच क्रीडाप्रमुखाच्या खुर्चीवर तो पुनः येऊन बसला, आणि १९३३ पर्यंत काम सांभाळून परत आपल्या जनावरांकडे गेला. १९६१ सालीं तो वारला. १९७१ सालीं त्याचें नांव कॉलेज फुटबॉलच्या सन्माननीयांच्या यादींत लिहिलें गेलें.

आतां माझ्या प्रश्नाचें उत्तर. पेरलें स्टॅगनें, कोकेम्सनें, मार्क्सनें. कापलें पुष्कळसें रॉक्नीनें. हार्परनें काय केलें? आयता आलेला संघ त्यानें बिघडविला नाहीं. त्याला तोलाचे प्रतिस्पर्धी मिळवून दिले. दोन मुलांनीं वाळूंत केलेल्या सरावावर भरंवसा ठेवला. आणि योग्य वेळीं योग्य माणसाच्या हातीं सूत्रें देऊन तो बाजूस झाला. राखणाऱ्याचें काम तें हेंच. माझ्या आधीं तो वर्ग तयार करणारे ते शिक्षक आज हयात नाहींत. त्यांच्या वांट्याची शाबासकी मीं तेव्हां पोंचविली नाहीं. ती आज, उशिरां कां होईना, या ध्वनिक्षेपकावरून पोंचवितों.